आधी वस्ताद, मग पदक

शेगावात पैलवानकीचा विषय निघाला की हरी पाटलांचे नाव आल्याशिवाय राहत नाही. दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातली ही कथा पारायणाला बसणाऱ्या आयाबायांनाही तोंडपाठ आहे. पाटील घराण्यातला हा तरणाबांड गडी, तालमीत अंग कमावलेला. मारुतीच्या देवळात बसणाऱ्या साधूला, गजानन महाराजांना, तो कुस्तीचे आव्हान देतो. महाराज त्याच्याबरोबर तालमीत जातात, मातीत बसतात आणि मला इथून उठवून दाखव, एवढेच त्याला सांगतात. हरी पाटील एकेक पेच लावून पाहतात, घामाघूम होतात, पण महाराज तसूभर हलत नाहीत. भाविकांना या कथेत महाराजांचे सामर्थ्य दिसते आणि ते योग्यच आहे. पण खेळाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाची नजर भलतीकडेच जाते. महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले आणि १९१० साली समाधिस्थ झाले. त्या काळातली ही कथा तालमीत घडते, पाटलाचा मुलगा तिथे रोज घुमतो आणि गावात मान मिळवायचा तर तो मातीत उतरून, असे त्याला वाटते. म्हणजे तालीम ही त्या वेळच्या वऱ्हाडात गावगाड्याचाच भाग होती. फक्त हरी पाटलांचा वस्ताद कोण होता, हे कथा सांगत नाही. कथांचे सोडा, वस्तादाचे नाव इतिहासातही बहुतेक वेळा येत नाही.

या स्मरणिकेत खेळाडू आणि मार्गदर्शकांचा गौरव करायचे ठरले, तेव्हा सोबत कोणत्या संस्थेचा इतिहास द्यावा यावर थोडा विचार करावा लागला. विद्यापीठाचा द्यावा, तर अमरावती विद्यापीठ १९८३ चे. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. दोघांचाही इतिहास मोठा आहे, पण वऱ्हाडातल्या खेळांची मुळे त्याच्याही जवळजवळ सत्तर वर्षे मागे जातात आणि ती अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात सापडतात. आपल्या पाच जिल्ह्यांतल्या मैदानांवर आज जे कोणी शिट्टी घेऊन उभे आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची गुरुपरंपरा शोधत गेलो तर वाट या मंडळाच्या फाटकाशी पोचते. म्हणून हा इतिहास मुख्यतः मंडळाचा. विद्यापीठ आणि आपला बुलढाणा जिल्हा त्यात ओघाने येतील.

मंडळ स्थापन झाले १९१४ साली. अनंतराव आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत तरुण पोरांना जमवून आखाडा सुरू केला. त्या वेळचा वऱ्हाड डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडलेला होता. कापसाच्या पैशाने जिनिंग-प्रेसिंग उभे राहत होते. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरून गेले होते. दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे टिळकांचा या भागाशी जवळचा संबंध होता. १९०८ साली अकोल्यात शिवजयंतीच्या सभेला टिळक आले, तेव्हा व्यासपीठावर गजानन महाराजही होते, ही हकीकत शेगावकरांना सांगायला नको. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. सहा वर्षांनी, १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले आणि त्याच साली अमरावतीत हनुमानाच्या नावाने आखाडा उभा राहिला. या दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही. पण तरुणांनी अंग कमवावे, लाठी-काठी शिकावी, चार जणांत शिस्तीने उभे राहावे, या आग्रहामागे नुसती प्रकृतीची काळजी नव्हती, हे त्या काळच्या कोणाही पोलीस अधिकाऱ्याला कळत होते.

शिकवले काय जायचे? जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, फरीगदगा, हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या. आज ही नावे एका दमात घेतली की प्रदर्शनातल्या वस्तूंसारखी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकामागे रोजची मेहनत होती. नुसत्या कुस्तीच्या मातीचे घ्या. वऱ्हाडची जमीन काळी, कपाशीची. पावसात पायाला किलोभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीत कुस्ती धरता येत नाही. आखाड्यात तांबडी माती बाहेरून आणून टाकावी लागते. ती चाळायची, खडा-काडी वेचायची, तीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस जिरवायचा आणि रोज पहाटे फावड्याने उकरून हौदा भुसभुशीत ठेवायचा. वस्तादाकडे नवा पोरगा आला की आधी त्याच्या हातात फावडे यायचे, डाव नंतर. तो महिनाभर माती उकरतो की चार दिवसांत पळून जातो, यावरून वस्ताद त्याचा अंदाज बांधायचा. निवड चाचणीची ही पद्धत कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत नाही, पण तिच्यात फसगत कमी होत असावी.

मल्लखांबाचेही तसेच. सागाचा किंवा शिसवीचा लाकडी खांब, त्याला एरंडेल चोपडलेले, वर निमुळता होत गेलेला. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असे मानतात. तिथून ती बडोदा, पुणे, मुंबई करत आखाड्या-आखाड्यांत पसरली. वऱ्हाडात ती टिकवून धरण्यात अमरावतीच्या मंडळाचा वाटा मोठा आहे.

मंडळाने इतर आखाड्यांपेक्षा वेगळे काय केले, हे विचाराल तर माझ्या मते त्याने पैलवान घडवण्यापेक्षा शिकवणारे घडवण्यावर भर दिला. विसाच्या दशकातच उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. सुट्टीच निवडली, कारण येणारे बहुतेक शाळामास्तर होते. शाळा बंद झाल्या की हे मास्तर वळकटी घेऊन अमरावतीला यायचे, काही आठवडे राहायचे, शिकायचे आणि जूनमध्ये आपापल्या गावी जाऊन पोरांना शिकवायला लागायचे. लांबलांबच्या प्रांतांतूनही माणसे आली. एका पैलवानाने फार तर एक फड गाजवला असता, एक मास्तर तीस वर्षे दरसाल नव्या पोरांना रांगेत उभे करत राहिला. ‘व्यायाम प्रसारक’ या नावातला प्रसार तो हाच. आपल्या शाळेतल्या ज्या पीटीच्या सरांना आपण भ्यायलो, त्यांच्यामागे ही परंपरा उभी होती.

हे पीटीचे सर म्हणजे काय प्रकरण असते, तेही एकदा जवळून पाहावे. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर ते एकटेच असतात. हातात सुतळीचे बंडल, दोन खिळे, एक मीटरपट्टी आणि बादलीत फक्की. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मैदान आखायचे. आधी मध्यरेषा. तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे मीटरभरावर बोनस रेषा, दोन्ही अंगांना राखीव क्षेत्र. सुतळी ताणायची, खिळा ठोकायचा आणि चिमटीतून फक्की सोडत वाकून चालत जायचे. रेषा पाच सेंटीमीटरपेक्षा जाड झाली की पुसायची आणि पुन्हा काढायची. निदान रेषा ओलांडली की नाही यावर उद्या दोन गावांत डोकी फुटायची वेळ येऊ शकते, हे त्यांना ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभात आमदार येतात, सरपंच येतात, ढाल उचलतानाचा फोटो निघतो. सर फोटोत असले तर अगदी कडेला असतात. बहुधा नसतातच, कारण त्या वेळी ते पोरांच्या परतीच्या जीपची सोय बघत असतात.

मंडळाच्या इतिहासाला क्रांतीचीही एक धार आहे. भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर २३ मार्च १९३१ रोजी फासावर गेलेले शिवराम हरी राजगुरू यांनी काही काळ अमरावतीच्या या आखाड्यात शिक्षण घेतले होते. कोणत्याही संस्थेला आपल्या मानाच्या यादीत हे एक नाव असले तरी पुरे व्हावे. मंडळाने ते मिरवलेही आहे आणि ते साहजिकच आहे.

१९३६ साल मात्र खास खेळाचे. त्या वर्षी १ ते १६ ऑगस्टदरम्यान बर्लिनला ऑलिंपिक भरले. भारताच्या दृष्टीने ते ध्यानचंदांचे ऑलिंपिक. हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा फडशा पडला. त्याच बर्लिनमध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपल्याकडच्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आज विमानाने एका दिवसात बर्लिन गाठता येते. त्या वेळी अमरावतीहून आगगाडीने मुंबई आणि तिथून बोटीने युरोप असा आठवड्यांचा प्रवास होता. तो खर्च वऱ्हाडातल्या एका आखाड्याने उभा केला आणि ज्या खेळाला इथले शहाणेसुरते लोक पोरखेळ म्हणत होते, तो जगापुढे मांडला. कबड्डीला पहिले आंतरराष्ट्रीय व्यासपीठ मिळाले ते हेच. पुढे १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत कबड्डी आली, १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. आता तर प्रो कबड्डीच्या लिलावात खेळाडूंवर कोटींच्या बोल्या लागतात.

कबड्डीचा इतिहास सांगणारे कोणतेही पुस्तक उघडा, १९३६ च्या बर्लिनबद्दलचे एक वाक्य त्यात हमखास असते. त्या वाक्यात मंडळाचे नाव असते, गावाचे असते, सालही असते. बर्लिनच्या मैदानावर ज्यांनी दम धरून चढाई केली आणि ज्यांनी त्यांना तयार केले, ती माणसे त्या वाक्यात नसतात. गंमत पाहा. त्याच १९३६ साली अमेरिकेत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले मतदान झाले आणि बेब रूथसह पाच खेळाडूंची नावे कायमची भिंतीवर गेली. १९३९ साली कूपरस्टाउन या छोट्या गावात त्यासाठी इमारत उभी राहिली. मग अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ही प्रथा उचलली. दरवर्षी जुन्या खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना बोलवायचे, त्यांचा सत्कार करायचा, नाव आणि तसबीर क्रीडागृहाच्या भिंतीवर लावायची. आपण त्या वर्षी बर्लिनला जाऊन आलो आणि नावे मात्र मंडळाच्या दप्तरातच ठेवून दिली.

१९४९ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला दुसरा लिंगियाड भरला. आधुनिक व्यायामपद्धतीचा स्वीडिश प्रवर्तक पेर हेन्रिक लिंग याच्या स्मरणार्थ भरणारा हा जागतिक मेळावा. तिथेही मंडळाचे पथक गेले. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे झाली होती. या वेळी आपली माणसे स्वतंत्र देशाच्या झेंड्याखाली उतरली.

स्वातंत्र्यानंतर मंडळाचा आखाडा हळूहळू शिक्षणसंस्था होत गेला. शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले, वसतिगृहे झाली, पोहण्याचे तलाव, मैदाने, व्यायामगृहे उभी राहिली. पुढे मंडळाने अभियांत्रिकी महाविद्यालयही काढले. काही जुन्या मंडळींना हे रुचले नाही. आखाड्याने इंजिनिअर कशाला काढायचे, असे ते म्हणत. त्यांना शेगावकडे बोट दाखवता आले असते. इथे तर देवस्थानाने अभियांत्रिकी काढले आणि नावारूपाला आणले. वऱ्हाडात लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा ज्या संस्थांनी नीट सांभाळला, त्यांना पुढे लोकांनीच नवनवी कामे सोपवली. मंडळाचे सर्वेसर्वा म्हणून अनेक दशके काम पाहिलेल्या प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली क्रीडाक्षेत्रातल्या कामाबद्दल पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीच्या यादीत झुलन गोस्वामी आणि देवेंद्र झाझरिया ही नावे होती. वेगवान गोलंदाज आणि भालाफेकपटू यांच्या शेजारी एक संघटक बसला, याचे मला विशेष वाटते.

आता विद्यापीठाकडे वळू. १९८३ पर्यंत वऱ्हाडातली महाविद्यालये नागपूर विद्यापीठात होती. ते विद्यापीठ १९२३ चे आणि त्याच्या संघात जागा मिळवायची तर नागपूरच्या पोरांशी टक्कर. शेगाव-खामगावचा खेळाडू निवड चाचणीला जायचा तो रात्रीच्या पॅसेंजरने, बाकावर अंग मुडपून. सकाळी थेट मैदानावर. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम, असे पाच जिल्हे त्यात आले. शेगावच्या पोरासाठी आता अकोला, मूर्तिजापूर करत बडनेऱ्याला उतरायचे, की अमरावती आलेच. अंतर निम्म्याहून कमी झाले. विद्यापीठ जवळ आल्याने अभ्यासक्रमात काय फरक पडला ते प्राध्यापक सांगतील. खेळात पडलेला फरक उघड होता. जे पूर्वी नागपूरला जाण्याचा खर्च नको म्हणून चाचणीच देत नव्हते, ते चाचणी द्यायला लागले.

विद्यापीठाच्या खेळाडूचा खरा मान म्हणजे कलर कोट. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचा संघ खेळला की त्या खेळाडूला मिळणारा हा कोट गावाकडच्या घरात लग्नाच्या शालूसारखा जपलेला असतो. तो अंगावर घालून पोरगा एसटीतून उतरला की पारावरची माणसे विचारतात, कुठे लागलास रे? नोकरी लागली असेच त्यांना वाटते. कित्येकदा पुढे ती लागतेही. राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीच्या मैदानावर आंतरविद्यापीठ प्रमाणपत्राची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. पण कलर कोट मिळतो तो खेळाडूला. त्याला मैदानात आणणाऱ्या शारीरिक शिक्षण संचालकांना मिळते ती प्रवास भत्त्याची बिले मंजूर करून घेण्याची कटकट. संघ व्यवस्थापक म्हणून ते रेल्वेची तिकिटे काढतात, पोरांच्या जेवणाचे बघतात, ट्रॅकसूट अपुरे पडले तर स्वतःच्या खिशातून भर घालतात, हरलेल्या संघाला घेऊन परत येतात आणि सोमवारी पुन्हा मैदानावर हजर.

खेळाडूचा गौरव आधी आणि घडवणाऱ्याचा नंतर, हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. देशपातळीवर पाहा. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली, द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली. शिष्याचा सत्कार सुरू झाल्यावर गुरूची आठवण व्हायला चोवीस वर्षे लागली. पहिल्या वर्षी तिघांना द्रोणाचार्य मिळाला. त्यात पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नांबियार होते, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज होते आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे मराठी नावही होते. नांबियार आजही लोकांना आठवतात, कारण उषा आठवते. भागवतांचे नाव किती जणांना सांगता येईल?

खाशाबा जाधवांची कथाही याच अंगाने वाचली पाहिजे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबा त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. महाविद्यालयाच्या फलकावर खाशाबांचे नाव लिहिताना त्याखाली खर्डेकरांचे आले नाही, तर फलक अर्धाच राहिला असे मी म्हणेन. प्राचार्य कुस्ती खेळले नव्हते, डावही त्यांनी शिकवला नव्हता. पण घर गहाण टाकणारा माणूस प्रशिक्षकाहून कमी नसतो.

आता आपल्या जिल्ह्याचे. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावर आणि घाटाखाली. शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हे घाटाखालचे, रेल्वेच्या बाजूचे. बुलढाणा शहर घाटावर, थंड हवेचे, पण रेल्वे नसलेले. गेल्या काही वर्षांत या रेल्वे नसलेल्या शहराने धनुर्विद्येत जे केले, ते भल्याभल्यांना जमलेले नाही. प्रथमेश जावकर हा बुलढाण्याचा मुलगा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाऊंड प्रकारात तो अंतिम फेरीत पोचला. समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, या प्रकारातला जगातला सर्वात नावाजलेला धनुर्धर. पन्नास मीटरवरचे लक्ष्य, त्यातले दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटीमीटरचे, म्हणजे पुरणपोळीच्या गोळ्याएवढे. पंधरा बाण, सगळे त्या वर्तुळात लागले तर १५०. प्रथमेशने १४९ केले, श्लोसरने १४८. पंधरा बाणांत एकच चूक झाली आणि सुवर्ण बुलढाण्याला आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश यांच्या संघाने अंतिम फेरीत दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सुवर्ण जिंकले. धनुर्विद्येत कोरियाला हरवणे म्हणजे काय, हे या खेळातल्या लोकांना विचारा.

बुलढाण्याचीच पोलीस कर्मचारी मोनाली जाधव हिने २०१९ साली चीनमधल्या चेंगडू येथे झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत धनुर्विद्येत पदके मिळवली. प्रथमेश आणि मोनाली या दोघांच्याही मागे एकच प्रशिक्षक आहेत, चंद्रकांत इलग. एका जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस ठाण मांडून बसतो, धनुष्यबाणाचे महागडे सामान कुठून आणायचे याची विवंचना करतो, पोरांना रोज उभे करतो आणि जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवणारा मुलगा तयार होतो. साताऱ्यात प्रवीण सावंत यांनी हेच केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे शिकलेले ओजस देवतळे आणि अदिती स्वामी दोघेही एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजस मूळचा नागपूरचा, पण शिकायला साताऱ्याला गेला, कारण तिथे गुरू होता. ती जागतिक स्पर्धा झाली बर्लिनमध्ये. अमरावतीच्या पथकाने १९३६ साली जिथे आपले खेळ दाखवले, त्याच शहरात सत्त्याऐंशी वर्षांनी विदर्भाचा पोरगा १५० पैकी १५० करून विश्वविजेता झाला. कंपाऊंड प्रकाराचा मिश्र सांघिक सामना २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच येतो आहे. घाटावरच्या पोरांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

देशी खेळांतही जुना हिशोब आता चुकता होतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताने अंतिम फेरीत नेपाळला हरवले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. मल्लखांबासाठी मुंबईच्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, तीही प्रशिक्षक म्हणून. वारे थोडे फिरले आहे.

म्हणून खेळाडूंबरोबर त्यांना घडवणाऱ्यांची नावेही फलकावर लावावीत, असे मी म्हणतो. त्यावर एक शंका. शेगावात ही शंका निघणारच, म्हणून मीच काढतो. आपल्या गावात गजानन महाराज संस्थानाचे सेवेकरी हजारोंनी येतात. पाळीपाळीने राबतात, झाडू मारतात, चपला सांभाळतात, पंगती वाढतात. श्रींच्या पालखीबरोबर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास चालत पंढरपूरला जातात, तेही एका लयीत, पाऊल न चुकवता. कवायतीच्या मास्तरांनी जाऊन पाहावी अशी ती शिस्त असते. यांपैकी कोणाचे नाव कुठल्या भिंतीवर नाही आणि कोणी ते मागतही नाही. मग ज्या गावाने बिननावाच्या सेवेचा धडा घालून दिला, त्या गावातल्या स्मरणिकेने नावांच्या फलकाचा आग्रह का धरावा? सेवा म्हटली की नाव पुसायचे, आणि प्रशिक्षकही सेवाच करतो ना?

मला यात विरोध दिसत नाही. संस्थानात सेवा करायची तर कोणाकडे जायचे, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मंदिराचा कळस दुरून दिसतो. नांदुऱ्याच्या एखाद्या मुलीला भालाफेक शिकायची असेल तर तिने कोणाकडे जावे, हे तिच्या बापाला ठाऊक नसते. फलकावर प्रशिक्षकाचे नाव हवे ते याचसाठी. तो एका अर्थी पत्ता आहे. ज्या मुलाने पदक आणले त्याच्या नावाशेजारी त्याला घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि मैदान लिहिलेले असेल, तर पुढच्या मुलाला वाट सापडते. गुरूला त्या नावाने काय मिळते हा मुद्दा वेगळा. बहुतेकांना काहीच नको असते.

म्हणून विद्यापीठाच्या पातळीवर असा फलक उभा करायचा झाला, तर तो पदकांच्या क्रमाने लावू नये, अशी माझी सूचना आहे. पहिली ओळ १९१४ च्या वैद्य बंधूंची असावी. मग उन्हाळी वर्गांतून बाहेर पडून गावोगाव गेलेले शिक्षक, बर्लिन आणि स्टॉकहोमची पथके, महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक, आणि त्यानंतर कलर कोट व आंतरराष्ट्रीय खेळाडू. प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली त्याच्या पहिल्या गुरूचे नाव, मग तो गुरू जिल्हा परिषद शाळेतला का असेना. स्त्री प्रशिक्षकांची नावे मुद्दाम शोधावी लागतील, कारण जुन्या अहवालांत त्यांची नोंद तोकडी आहे. जिजामातांच्या नावाने राज्य सरकारने स्त्री मार्गदर्शकांसाठी पुरस्कार दिला होता आणि जिजामातांचे सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यात आहे. निदान आपण तरी हे विसरू नये.

शेवटी वाचकांना एक विनंती. हे काम नुसत्या कार्यालयीन फाइलींवर होणार नाही. आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचे जुने गट-फोटो, प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे, संघयाद्या, पेटीत पडून राहिलेले कलर कोट ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते आपापल्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात दाखवावेत. छायाप्रत काढून मूळ वस्तू परत घ्यावी. फोटोच्या मागे, पेन्सिलीने का होईना, उभे असलेल्या सगळ्यांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. कडेला उभे असलेल्या सरांचे नाव आठवत नसेल तर जुन्या मित्रांना फोन करून विचारावे, पण ते लिहिल्याशिवाय फोटो देऊ नये.